बीए करीसन काय करशी?

मागच्या अंकात बारावीनंतरचे पर्याय सांगताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की पुण्या-बंगळुरूकडं आता छोटी लिबरल आर्ट्सची, म्हणजे कला-विज्ञान असा भेद न करता शिकवणारी, विद्यापीठं निघालीत तीही बघून ठेवा. एकच वाक्य हो. त्यावर इतके मेसेज आले की या वेळी दुसरा विषयच घेत नाही. नवीन वाचकांसाठी सांगते, मी जळगावात बीए केलं, पुढं अशाच एका छोट्या विद्यापीठात अकरा वर्षं शिकवलं आणि आता आई-अण्णांकडं बघायला परत आलेय, त्यामुळं दोन्हीकडचं पाणी प्यायलेली आहे.

प्रश्न: मॅडम, मी केळीवाला शेतकरी. मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे, दहावीला ९१ टक्के होते. आम्ही नीटचा क्लास लावला, आता म्हणते डॉक्टर व्हायचं नाही, लिबरल आर्ट्स करायचंय, चार वर्षं. फी बघून मला घाम फुटला. भाऊ म्हणतो अरे ही बीएच आहे, ती तर चोपड्याला पण होते. आणि आई रोज सकाळी चहासोबत विचारते, बीए करीसन काय करशी? खरं काय ते सांगा.
— एक वडील, चोपडा तालुका

उत्तर: दादा, तुमचे भाऊ निम्मे बरोबर आहेत. शेवटी हातात पडणारी डिग्री बहुतेक ठिकाणी बीए नाहीतर बीएस्सीच असते. फरक सर्टिफिकेटवर दिसत नाही, तो वर्गात असतो, म्हणून तर लांबून कळत नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. यातलं 'आर्ट्स' म्हणजे आपली कला शाखा नव्हे. जुन्या युरोपात ज्या सात विद्या शिकवायचे त्यात व्याकरण, तर्क, वक्तृत्व होतं आणि त्याच्याच जोडीला अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल पण होतं. म्हणजे गणितापासून सुटका म्हणून पोरगी तिकडं पळत असेल तर तिला आत्ताच सांगा, तिथं गणित गेटवरच उभं असतं. आपल्याकडंही हे काही परकं नाही, चाळीसगावजवळ पाटणला शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवानं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा, आणि आजोबांचं गणित सगळं श्लोकांत. हे सायन्सला बसवायचं की आर्ट्सला, असं तिथं कुणी विचारलं नसेल.

आता चालतं कसं ते. पहिलं वर्ष-दीड वर्ष पोरं सगळीकडचं थोडं थोडं घेतात, थोडं लेखन, थोडी आकडेमोड, एखादा इतिहासाचा, एखादा जीवशास्त्राचा कोर्स, आणि मग मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरवतात. सोबत मायनर, म्हणजे जोडविषय. म्हणजे तुमच्या पोरीला बायोलॉजी आवडते पण डॉक्टर व्हायचं नाही तर बायोलॉजी मेजर आणि सायकॉलॉजी मायनर असं काही जमू शकतं. अमेरिकेत असली छोटी कॉलेजं दोन-दोनशे वर्षांची आहेत, विल्यम्स १७९३ चं, अ‍ॅमहर्स्ट १८२१ चं, आजही साधारण दोन-दोन हजार पोरांची. आपल्याकडचा प्रकार तरुण आहे, सोनीपतचं अशोका २०१४ चं, पुण्याचं फ्लेम विद्यापीठ म्हणून २०१५ चं.

मग पैसे कशाचे? माझ्यापुरतं सांगते. एका वर्गात माझ्याकडं पंचवीस पोरं असायची, सेमिस्टरला प्रत्येकाचे चार निबंध, म्हणजे शंभर, आणि त्या शंभरांवर मी समासात पेन्सिलीनं लिहायचे, इथं का थांबलीस, हे कशावरून म्हणतोस, हा परिच्छेद आधी घे. दिवाळीच्या सुट्टीत घरी फराळाला न बसता गठ्ठे घेऊन बसायचे तर आई चिडायची. माझ्या स्वतःच्या बीएत तीन वर्षांत मी लिहिलेला एक कागद कुणी मला परत दिला नाही, फक्त मार्क आले. चांगल्या ठिकाणी तुम्ही मुख्यतः याचेच पैसे देता, की पोरीनं लिहिलेलं कुणीतरी शेवटपर्यंत वाचेल आणि तिला तोंडावर सांगेल कुठं गडबड आहे. बाकी मग काचेची बिल्डिंग, स्विमिंग पूल, ते ब्रोशरसाठी.

आणि हेच होत नसेल तर पैसे पाण्यात. म्हणून कॅम्पस बघायला जाल तेव्हा जो पोरगा टी-शर्ट घालून टूर देतो त्याला काही विचारू नका, मेसच्या रांगेतल्याला विचारा. तुझा शेवटचा निबंध किती दिवसांनी परत मिळाला, त्यावर काय लिहिलं होतं, वर्गात किती जण, गेल्या वर्षीचे किती सर-मॅडम सोडून गेले, पाहिजे ते मेजर मिळतं की तिथंही जागा भरतात. ऑफिसात मात्र हे विचारा आणि लेखी घ्या: दरवर्षी फी किती टक्क्यांनी वाढते, स्कॉलरशिप चारही वर्षं आहे का, आणि ती सीजीपीएला, म्हणजे मार्कांच्या सरासरीला, बांधलेली आहे का. पहिल्या सेमिस्टरला आपली पोरं अडखळतातच, तेव्हाच स्कॉलरशिप गेली तर काय करणार?

फीचं खरं बोलायचं तर राहणं-जेवण धरून काही ठिकाणी वर्षाला दहा लाखांच्या पुढं जातं. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, स्कॉलरशिप मिळेलच असं धरून प्रवेश घेऊ नका, खासगी विद्यापीठांचे नियम वेगळे असतात. कर्ज घ्यायचं तर २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा, ठरावीक चांगल्या संस्थांसाठी तारण-जामीन लागत नाही आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी बघा मग पुढचं.

आणि एक गंमत. आपल्या अमळनेरला १९४५ मध्ये जो तेल-तुपाचा कारखाना निघाला त्याचीच पुढं विप्रो झाली, आणि त्या विप्रोच्या शेअरच्या पैशावर अझीम प्रेमजी विद्यापीठ उभं आहे, बंगळुरूला, २०१० पासून. तिथं घरचं उत्पन्न बघून फीत सूट देतात. अमळनेरात ज्यांच्या आजोबांनी ते शेअर जपून ठेवले त्यांची फीची चिंता मिटली, आपण बाकीच्यांनी तो फी-सवलतीचा फॉर्म नीट भरायचा. आणि हो, या विद्यापीठांचे फॉर्म, निबंध, इंटरव्ह्यू हे सगळं बारावीच्या निकालाची वाट न बघता आधीच सुरू होतं, मे महिन्यात जागे झालात तर उरलंसुरलं मिळेल.

माझं मत विचाराल तर सूट किंवा झेपेल इतकं कर्ज, यात बसत असेल तर पाठवा. शेत विकून नको. आईला सांगा, नात लिहायला-वाचायला शिकायला जातेय. त्या म्हणतील ते तर पहिलीतच शिकली. म्हणू दे.

प्रश्न: ताई मी शहाद्याकडचा, बारावीपर्यंत मराठी मीडियम, तालुक्यात दुसरा आलो होतो. स्कॉलरशिपवर एका लिबरल आर्ट्स विद्यापीठात आलोय, घरापासून खूप लांब, ऑगस्टमध्ये सुरू झालं. इथं सगळे वर्गात नुसते बोलतात, सर काही सांगायच्या आधीच बोलतात. मी दीड महिन्यात एकदाही तोंड उघडलं नाही. पहिल्या पेपरला सी आला आणि सगळ्या बाजूला लिहून ठेवलंय, सरांना माझा राग आलाय वाटतं, खाली लिहिलंय ऑफिस अवर्सला येऊन भेट. मला परत यावंसं वाटतंय.
— एक विद्यार्थी

उत्तर: सर चिडलेत म्हणून बोलावत नाहीयेत रे भाऊ. आपल्याकडं ऑफिसात बोलावलं म्हणजे एकतर फी राहिली नाहीतर पालकांना आणायचंय, म्हणून तुझ्या पोटात गोळा आला. ऑफिस अवर्स म्हणजे आठवड्यातले ठरलेले दोन-तीन तास, सर दार उघडं ठेवून बसतात आणि कुणीही जाऊन बसायचं. माझ्या अनुभवात येणारी पोरं बहुतेक तीच, ज्यांना आधीच ए असायचा, कारण त्यांना घरी कुणीतरी शिकवलेलं असतं की जायचं असतं. बाकीचे दारावरून जायचे, आत बघायचे, आणि पुढं जायचे. मी अकरा वर्षं त्या दाराकडं बघत चहा गार केलाय.

तर जा. जाताना पेपर घेऊन जा, आणि 'सर मला समजत नाही' असं म्हणू नको, एक रेघ दाखव आणि विचार, इथं तुम्ही असं का लिहिलं.

आता मी तुझा पेपर पाहिला नाही पण पैज लावते, पहिलं वाक्य 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' याच चालीवरचं इंग्रजी असणार. आपण दहावीपर्यंत तसंच शिकलो, आधी सगळ्या जगाला नमस्कार मग विषय. तिथं ते खोडतात कारण ते वाक्य कुणीही लिहू शकतो, त्यात तू नाहीस. शहाद्याकडं पपईच्या भावावरून शेतकरी-व्यापाऱ्यांच्या बैठका होतात, एका रुपयावरून दिवसभर ताणाताणी, हे तू लहानपणापासून ऐकत आलायस ना? इकॉनॉमिक्सच्या पेपरात बाजारपेठेवर लिहायचं तर तिथून सुरू कर, त्या खोलीत कोण कुठं बसतं, आधी आकडा कोण बोलतं, बाहेर गाडी भरून उभी असली की कुणाला घाई होते. मग पुस्तकातला सिद्धांत आण आणि दोघांची गाठ घाल, जमतंय का ते बघ. जमलं नाही तर आणखी चांगलं, तेच लिही. तुझ्या वर्गातल्या एकानंही ती बैठक पाहिलेली नाही.

इंग्रजीचं म्हणशील तर आधी मराठीत लिही, अहिराणीत येत असेल तर अहिराणीत, मुद्दा काय आहे तो एका ओळीत. मुद्दाच नसेल तर इंग्रजी कितीही गुळगुळीत केलं तरी समासात पुन्हा तेच येणार, सो व्हॉट? बऱ्याच विद्यापीठांत रायटिंग सेंटर असतं, सीनियर पोरं फुकट बसून तुझ्यासोबत मसुदा वाचतात, तिथं जायला लाजू नको. पण चॅटजीपीटीकडून लिहून आणू नको, आणि गाईडमधून उतरवतो तसं नेटवरून उतरवू नको. आपल्याकडं उतरवणं म्हणजे अभ्यास समजतात, तिथं त्याला प्लॅगॅरिझम म्हणतात आणि कमिटीसमोर उभं करतात. माझ्या वर्गात एक पोरगी होती, अगदी प्रामाणिक, तिनं पूर्ण पान जसंच्या तसं उतरवलं आणि अभिमानानं म्हणाली, मॅडम एक चूक नाही! तिला रडताना मी पाहिलंय, म्हणून सांगते. दुसऱ्याचं वाक्य घेतलं की अवतरण टाक, नाव टाक, संपलं.

वर्गात बोलायचं कसं. पहिल्या दहा मिनिटांत बोल, नंतर नाही, नंतर ते दोघं-तिघं गाडी पळवतात आणि तू मनात वाक्य जुळवत बसतोस, जुळतं तोवर विषय बदललेला. रात्री वाचताना एक प्रश्न वहीत लिहून ठेव, तोच वाचून दाखव, पाठ पण करू नको. बऱ्याच कोर्सेसना बोलण्याचे मार्क असतात पण भाषण लागत नाही, पान अमुकवर लेखक आधी असं म्हणतो मग तसं, हे कसं, एवढं पुरतं. आणि एक गुपित सांगते, ते जे सगळं बोलतात ना, त्यातल्या निम्म्यांनी वाचलेलं नसतं.

साठ पानं रोज दिली तर साठ वाचायची नसतात. पहिली तीन, शेवटची तीन, मग मधली जिथं वाद आहे ती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी दोन वर्षं सगळं वाचत बसले आणि चष्मा लागला.

परत यायचं की नाही ते डिसेंबरला ठरव, आत्ता नाही. मेसमधल्या त्या पांढऱ्या पास्त्यावर कुठलाच निर्णय घेऊ नये. घरून काळा मसाला मागवून घे, बरणीभर.

प्रश्न: असल्या डिग्रीवर एमपीएससी, यूपीएससी देता येते का?
— तीन-चार जणांचा एकच प्रश्न, म्हणून नाव देत नाही

उत्तर: येते. दोन्हीकडं कुठल्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते, विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का तेवढं बघा. उलट राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीये, गोल काळे करायचे दिवस गेले, तेव्हा निबंध लिहून लिहून हात मोकळा झाला असेल तर वाया काही जात नाही. पण एमपीएससीच करायची हे आजच पक्कं असेल तर त्यासाठी लाखो रुपये फी कशाला भरता?

प्रश्न: मॅडम, मी धुळ्यात एसवाय बीएला आहे. आमच्याकडं पण आता मेजर-मायनर आलंय. मेजर पॉलिटिकल सायन्स, मायनर हिस्टरी, ओपन इलेक्टिव्हला (दुसऱ्या शाखेचा आवडीचा विषय) मला संगीत पाहिजे होतं पण मिळालं अकाउंटन्सी, कारण तेच सर मोकळे होते. मग आम्ही पण लिबरल आर्ट्सच करतोय ना? मित्र हसतात.
— एसवायचा विद्यार्थी, धुळे

उत्तर: कागदावर करतोयस, हसू दे त्यांना. नवीन शैक्षणिक धोरण २०२० चं, आपल्याकडं संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून आलं, आणि ढाचा बघितला तर तोच आहे: मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, तीन वर्षांना १२० ते १३२ क्रेडिट, चौथं वर्ष केलं तर १६० ते १७६ आणि ऑनर्स. पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी रिसर्चसह ऑनर्स करायची सोय आहे, ते डोक्यात ठेव. अडतं कुठं तर तू म्हणतोस तिथंच, इलेक्टिव्ह पोराच्या आवडीनं नाही, टाइमटेबलनं ठरतं. सरांच्या जागा भरल्याशिवाय हे सुटणार नाही आणि त्यावर माझ्याकडं उपाय नाही, उगाच गोड बोलत नाही.

पण दोन-तीन गोष्टी तुझ्या हातात आहेत. सरकारच्या स्वयम् पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स कॉलेजला विचारून घेता येतात, ते क्रेडिट धरायची यूजीसीची तरतूद आहे, फक्त परवानगी आधी घे, परीक्षा देऊन मग घेऊ नको. दुसरं, तू हिस्टरी मायनरवाला, धुळ्यात राहतोस, राजवाडे संशोधन मंडळात किती वेळा गेलास? इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात लोकांनी मंडळ काढलं. बाहेरची पोरं जुने कागद बघायला कुठून कुठून येतात आणि आपण बाहेरून गाडी काढतो. मी स्वतः पहिल्यांदा गेले तेव्हा पस्तिशीची होते, लाज वाटली. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर घे, १९१६ चं, प्रताप शेठजींनी काढलेलं, साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी तिथं शिकायला, शाळेतले मास्तर नंतर झाले. शंभर वर्षांपूर्वी अमळनेरसारख्या गावात पगारी बसून तत्त्वज्ञान वाचायची सोय होती, आणि आपण म्हणतो हे पुण्या-मुंबईचं काम.

तिसरं सगळ्यात स्वस्त. चार जण जमवा, पंधरा दिवसांतून एकदा, प्रत्येकानं एक पान लिहून आणायचं, एकच, आणि मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी फक्त 'कशावरून?' विचारायचं. चहाचे पैसे लागतील. एक पान मला पण पाठवा, मासिकाच्या पत्त्यावर, मी अजून पेन्सिल टाकलेली नाही.

प्रश्न: ताई, तुम्ही याची जाहिरात करताय पण घरच्यांचं पण बघा. माझा मुलगा असल्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला गेलाय. श्रावणात कानबाईच्या सणाला दोन दिवस घरी आला तर प्रत्येक गोष्टीवर वाद. देवीच्या नैवेद्याच्या रोटांचं दळण चाललं होतं तर सासूबाईंना म्हणाला, आजी हे सगळं बायकाच का करतात, ही पितृसत्ता आहे. सासूबाईंना वाटलं कुणाचं आडनाव सांगतोय. मला म्हणाल्या, हाऊ पोऱ्या काय बोली ऱ्हायना? सणासुदीचं घर, पाहुणे बसलेले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
— एक आई, पारोळा

उत्तर: आडनाव! ताई मी हे वाचून इतकी हसले की अण्णा उठून बघायला आले.

हा ताप सगळ्यांना येतो, बहुतेकांना पहिल्या वर्षी, तुमच्याकडं जरा उशिरा आलाय. नवीन शब्द शिकलेलं पोरगं नवीन बॅट मिळालेल्या पोरासारखं असतं, घरात पण फिरवून बघणार, एखादी काच फुटणार. मी असली कितीतरी पोरं पाहिलीत. वर्गात आम्हीच त्यांना म्हणायचो की प्रश्न विचारा, आणि मग त्यांच्या आयांचे फोन आम्हालाच यायचे.

पण एक सांगू का, रागावू नका. त्याचं चुकलं ते पाहुण्यांसमोर बोलण्यात, मुद्दा काही खोटा नव्हता. फक्त हात कोरडे ठेवून बोलला. पुढच्या वेळी असं म्हणाला की वाद घालू नका, परात पुढं सरकवा आणि म्हणा, बरोबर आहे तुझं, घे मळ. मी माझ्या भाच्याला असंच केलं होतं, त्याला आता माझ्यापेक्षा बऱ्या बट्ट्या येतात, फक्त आकाराला वेगवेगळ्या.

आणि दुसरं म्हणजे त्याला कामाला लावा. त्याला सोशिऑलॉजी किंवा तसला एखादा कोर्स असणारच, त्यात कशावर तरी पेपर लिहावा लागणार, आणि ही पोरं विषय शोधत लायब्ररीत फिरत असतात. त्याला म्हणावं, आजीला कानबाईची किती गाणी येतात ते मोजून दाखव. कोणतं गाणं कधी म्हणतात, कुणाकडून शिकली, लग्नाआधी माहेरी म्हणायची ती वेगळी का, भाऊबंदकीत रोट कुणाला चालतात कुणाला नाही आणि हे ठरवतं कोण. अहिराणीत विचार म्हणावं, आजी मराठीत विचारलं की पाहुण्यासारखी उत्तरं देते. पितृसत्ता काय ते त्यात आपोआप येईल, आणि त्याला वाटतं त्यापेक्षा आजीला त्यातलं जास्त माहीत असेल.

दिवाळीला आला की बसवा दोघांना ओट्यावर. फोन मात्र आधी फुल चार्ज करून ठेवायला सांगा, आणि मेमरी रिकामी करून. माझ्या आजीचं मी एकदा असंच सुरू केलं होतं, तिसऱ्या गाण्याला फोन बंद पडला आणि ती रात्री अकरापर्यंत गात होती.